हातचा एक दिवस

मुक्तिनाथला जायचं हे सासूबाईंनी ठरवलं, आणि त्यावर आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. मामंजी गेल्यापासून त्यांच्या मनात ते होतं. कागबेनीला काली गंडकीच्या काठी श्राद्ध करायचं, मुक्तिनाथाच्या एकशेआठ धारांखालून जायचं आणि देवघरासाठी त्या नदीतला शाळीग्राम आणायचा. वाद झाला तो पोखरा ते जोमसोम या वीस मिनिटांच्या विमानप्रवासावर. त्याचं तिकीट इथूनच काढायचं की तिथे जाऊन बघायचं, हा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला आणि मे महिना उजाडेपर्यंत मिटला नाही.

माझे भासरे दिग्रसजवळ शेती करतात. त्यांचं मत सरळ होतं. "आतापासून कायले पैसे अडकवता? तिथं गेल्यावर पाहू. जागा रायली त बसू, नाई त जीप हाये ना." त्यांच्या म्हणण्यामागे आयुष्यभराचा अनुभव आहे. आमच्या दारव्ह्यातून यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला गाडी धावायची, तेव्हा तिचं आरक्षण असा प्रकारच नव्हता. स्टेशनवर जायचं आणि बसायचं. आजही यवतमाळला जायचं तर एसटी स्टँडवर उभे राहतात, मिळेल त्या गाडीत चढतात. अशा माणसाला तीन महिने आधी परक्या देशातल्या छोट्या विमानाचे पैसे भरा म्हटलं की ते पटत नाही.

माझे मिस्टर दुसऱ्या टोकाला. परदेश आहे, सोबत सत्तरी ओलांडलेली आई आहे, म्हणून घर सोडण्याआधी शेवटच्या जीपपर्यंत सगळं पक्कं पाहिजे. यवतमाळच्या एका एजंटकडून त्यांनी छापील कार्यक्रमही आणला. मी तो हातात घेऊन बसले तेव्हा मला दोघांचंही पटेना. तिकीट आधी काढावं असं मला वाटत होतंच. पण त्या कागदावर एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला जेमतेम दोन-तीन तास ठेवले होते. सकाळी जोमसोमहून पोखरा, दुपारी पोखऱ्याहून काठमांडू, दुसऱ्या सकाळी दिल्ली, त्याच संध्याकाळी नागपूर. एक कडी निसटली की पुढची सगळी साखळी जाणार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ही साखळी नवी नाही. आमचा प्रवास सुरू होण्याआधीच एक प्रवास करावा लागतो. यवतमाळला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसता येईल असं विमान तिथून सुटत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं. त्याचा आनंद आहे, पण आम्हाला जायचं होतं दिल्लीकडे. म्हणजे नागपूरच. दारव्ह्याहून नागपूरचं विमानतळ चार तास, आणि वाटेत ट्रक उलटला किंवा पाऊस आला तर किती ते सांगता येत नाही. सकाळचं विमान असेल तर आम्ही आदल्या रात्रीच नागपूर गाठतो. ही सवय प्रत्येक घराला आहे. पण परदेशातल्या छोट्या विमानांच्या बाबतीत तीच सवय लोक विसरतात, कारण कागदावर वेळ छापलेली असते.

एजंटला मी विचारलं, "जोमसोमचं विमान उडालंच नाही तर?" तो म्हणाला, "सीझन आहे मॅडम, उडतं." मी शाळेत भूगोल शिकवते. त्या उत्तरावर समाधान मानणं मला जमलं नाही, म्हणून त्या दरीबद्दल मिळेल ते वाचत बसले.

पोखरा साधारण आठशे मीटरवर, जोमसोम सत्तावीसशे मीटरवर. मधे काली गंडकीची दरी. तिच्या एका बाजूला ८,१६७ मीटरचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा. विमान या दोन डोंगरांवरून जात नाही, मधल्या फटीतून जातं. दरीच्या वरच्या अंगाला मुस्तांगचा उघडा, रुक्ष प्रदेश आहे. सूर्य चढला की तो तापतो, तिथली हवा वर उठते, आणि ती जागा भरायला दक्षिणेकडची हवा या अरुंद दरीतून सुसाट वर धावते. सकाळ सरता सरता वारा सुरू होतो आणि दुपारनंतर माणसाला धड उभं राहू देत नाही. त्यामुळे जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात. आपल्याकडे लेहची बहुतेक विमानं सकाळीच का असतात, त्याचंही एक कारण हा दुपारचा वाराच. त्यात जोमसोमला जाणारी विमानं एकोणीस आसनी, आणि वैमानिकाला दरी डोळ्यांनी दिसावी लागते. सकाळी पोखऱ्यावर किंवा दरीत ढग असले तर थांबायचं. आणि ढग निवळेपर्यंत वरचा वारा सुरू झाला, तर त्या दिवसाचा खेळ संपला.

मोठ्या शहरांमधलं विमान सकाळी रद्द झालं तर दुपारचं मिळतं, रात्रीचं मिळतं. इथे दुपारच नाही. पुढची संधी दुसऱ्या सकाळी, आणि दुसऱ्या सकाळच्या खुर्च्या दुसऱ्या सकाळच्या लोकांनी आधीच घेतलेल्या. हे समजल्यावर माझ्यापुरता प्रश्न बदलला. तिकीट आधी काढायचं की नंतर, यापेक्षा ते विमान न उडण्याला आपल्या कार्यक्रमात जागा आहे का, हे जास्त महत्त्वाचं होतं.

घरात भीतीही होती आणि ती खोटी नव्हती. २९ मे २०२२ ला याच मार्गावरचं तारा एअरचं विमान डोंगरावर आदळलं आणि आतले बावीसच्या बावीस गेले. त्यांत मुक्तिनाथला निघालेलं ठाण्याचं चार जणांचं कुटुंब होतं. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्याच्या नव्या विमानतळावर उतरणारं विमान कोसळलं, ७२ माणसं गेली. तो विमानतळ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. जुलै २०२४ मध्ये काठमांडूच्या धावपट्टीवर आणखी एक. नेपाळच्या विमान कंपन्यांना युरोपीय संघाने २०१३ पासून आपल्या आकाशात येऊ दिलेलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "मंग रस्त्यानंच जाऊ ना बाप्पा." पण रस्त्याचंही आम्हा सगळ्यांना आठवत होतं. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले, त्यांतले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले यात्रेकरू. त्यांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आणावे लागले. त्या बातम्या बघताना आमच्या घरात कोणी जेवलं नव्हतं.

एक वाट सुरक्षित आणि दुसरी धोक्याची, असं सोपं गणित तिथे मांडता येत नाही. मला एवढंच कळत होतं की त्या डोंगरात घाई करणं सगळ्यांत वाईट. आणि घाई होते ती पुढच्या तिकिटामुळे. उद्या दुपारी काठमांडूचं विमान पकडायचं आहे म्हणून माणसं संध्याकाळी जीप ठरवतात आणि जोमसोमहून बेनीकडे उतरणाऱ्या कड्याकपारीच्या रस्त्यावर रात्री निघतात. दिवसा कोणी सांगितलं असतं तर ती माणसं तसं कधीच करायला धजावली नसती.

मग मी एजंटचा कागद उलटा करून मागच्या बाजूला नवा कार्यक्रम लिहिला. फिरायचे दिवस तेवढेच ठेवले, फक्त त्यांची जागा बदलली. एजंटने काठमांडूचं फिरणं सुरुवातीला घातलं होतं आणि परतीला श्वास घ्यायला वेळ नव्हता. मी काठमांडू शेवटी टाकलं. भक्तपूर, स्वयंभूनाथ, खरेदी सगळं शेवटी. मुक्तिनाथहून यायला उशीर झाला तर काठमांडूतला एखादा दिवस कमी होईल, पण दिल्लीचं विमान चुकणार नाही. शिवाय जोमसोमला जाणं आणि परतणं यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस कोरा ठेवला. मिस्टरांनी विचारलं, "या दिवशी काय करायचं?" मी म्हटलं, काही नाही, तो हातचा.

सासूबाईंना मात्र हे मान्य नव्हतं. "पशुपतीनाथाले हात जोडल्याबिगर पुढं कसं जायचं?" त्यांचं बरोबर होतं, आणि सोयही होती. पशुपतीनाथाचं मंदिर काठमांडूच्या विमानतळाला लागूनच आहे. उतरल्या दिवशी संध्याकाळी दर्शन, बाकीचं काठमांडू परतीला, असं ठरलं.

तिकिटं मीच काढली. काठमांडू-पोखरा विमानं दिवसभर असतात, मोठी असतात, त्यामुळे एरवी ती दोन दिवस आधीही मिळावीत. पण मे म्हणजे मुक्तिनाथच्या यात्रेकरूंचा मोठा हंगाम, आणि आम्हा पाच जणांना एकाच विमानात जागा हवी होती, म्हणून तीही घेतली. जोमसोमची तर घ्यायचीच होती. यात्रा कंपन्या एकोणीस खुर्च्यांतल्या कितीतरी एकदम उचलतात, आणि पोखऱ्याला जाऊन विचारणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. भासऱ्यांना मी हेच सांगितलं, की एसटीत उभं राहता येतं, या विमानात नाही.

तिकीट काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नेपाळमधल्या विमानांचे तीन दर असतात. नेपाळी नागरिकांना एक, भारतीयांना भारतीय रुपयांत दुसरा, आणि बाकी परदेशी लोकांना डॉलरमध्ये तिसरा, सगळ्यांत महाग. अर्जात राष्ट्रीयत्व विचारतात तिथे भारतीय निवडल्यावरच आपला दर दिसतो. दुसरं म्हणजे नाव. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नुसतं आधार कार्ड चालत नाही. भासऱ्यांच्या मतदार कार्डावर नावाची इंग्रजी अक्षरं वेगळी आणि आधारवर वेगळी होती. मी कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं. हे काम एजंटवर सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिसरं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी काढलेली तिकिटं म्हणजे वेगवेगळे करार. काठमांडूहून येणारं विमान उशिरा पोचलं म्हणून दिल्ली-नागपूरवाली कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पैसे परत द्यायलाही बांधलेली नाही. दिल्लीला उतरल्यावर इमिग्रेशन, मग सामान ताब्यात घेणं, मग कस्टम, कधी टर्मिनल बदलणं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर यात अर्धा दिवस जातो. एजंटने मधे तीन तास ठेवले होते. आम्ही दिल्लीत रात्र काढायचं ठरवलं. त्या एका रात्रीच्या खोलीवर मिस्टरांनी बरीच कुरकुर केली. मी ऐकलं नाही.

मे उजाडला आणि फेब्रुवारीत कोणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट घडली. पाकिस्तान सीमेवरच्या संघर्षामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद झाले. दिल्ली चालू होतं, पण वेळापत्रकं विस्कटली. १२ मे रोजी विमानतळ पुन्हा उघडले. आमचं निघणं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होतं म्हणून निभावलं. यवतमाळला तेव्हा अंगाची लाहीलाही होत होती. सासूबाई म्हणायच्या, थंड देवाकडे चाललो, आता सगळं गोडच होईल.

पोखऱ्याला आम्ही पहाटेच विमानतळावर जाऊन बसलो. उत्तरेकडे माछापुछ्रेचं टोक दिसायला हवं होतं, तिथे पांढरा पडदा होता. अर्ध्या अर्ध्या तासाने एकच उत्तर, वरून हवामान कळलं की सांगतो. दहा वाजून गेले आणि विमानं रद्द झाल्याचं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. दरी दिसत नसताना उडायला नकार देणारा माणूस आपलं भलंच करत असतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

आमच्या शेजारी सोलापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यांचा कार्यक्रम अगदी आमच्या एजंटच्या कागदासारखा. आजचं विमान गेलं म्हणजे त्यांचं मुक्तिनाथच गेलं, कारण परवा सकाळी काठमांडूहून दिल्ली आणि पुढची सगळी तिकिटं बांधलेली. त्यांचा मुलगा बराच वेळ फोनवर बोलत होता. जीपने जाऊन यावं तर वेळेत परत येणं नाही. शेवटी त्यांनी परत फिरायचं ठरवलं. आजींनी तिथूनच उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. एवढ्या लांब, एवढा खर्च करून, एका दिवसासाठी. मला फार वाईट वाटलं, आणि राग आला तो तसा कार्यक्रम आखून देणाऱ्याचा.

आम्ही आमचा हातचा दिवस वापरला. भासरे लगेच कामाला लागले. त्यांनी अर्ध्या तासात जीप ठरवली, ड्रायव्हरशी हिंदीत गप्पा मारून त्याच्या गावापर्यंत पोचले. त्याला मी एकच अट घातली, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. बेनीपर्यंतचा रस्ता बरा आहे. तिथून पुढे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली घोंघावणारी काली गंडकी. मुक्काम तातोपानीला केला. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. सासूबाईंनी त्यात पाय सोडून बसल्यावर उठायला नकार दिला, आणि जाऊबाईही त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

रस्त्याने जाण्याचा एक फायदा मला आधी तितकासा जाणवला नव्हता. मुक्तिनाथ ३,७१० मीटरवर आहे. विमानाने गेलं तर सकाळी आठशे मीटरवर चहा प्यायलेला माणूस दुपारी तिथे उभा असतो. म्हाताऱ्या माणसाला डोकं दुखणं, मळमळ, दम लागणं हे सगळं त्या उडीमुळे होतं. आम्ही हळूहळू चढलो. रुप्सेचा धबधबा, घासा, सफरचंदांसाठी नाव असलेलं मार्फा, मग वाऱ्याने भरलेलं जोमसोम, कागबेनी. सासूबाईंना दम लागला, पण राणीपौवाहून मंदिरापर्यंत त्या थांबत थांबत स्वतःच्या पायांनी चढल्या. आता मी तिकडे जाणाऱ्या वयस्कर लोकांना हेच सांगते, की वर जाताना रस्ता आणि उतरताना विमान हा क्रम तब्येतीलाही मानवतो. दिवसाउजेडी चालणारा ड्रायव्हर मात्र हवा, आणि पावसाळ्यात हा रस्ता नको. दरडी कोसळतात.

दर्शनाबद्दल मी इथे लिहीत नाही. ते सासूबाईंचं आहे. एकशेआठ धारांखालून त्या गेल्या, माझा हात न धरता.

परतीचं जोमसोम-पोखरा विमान आधी काढलेल्या तिकिटावरच होतं, आणि ते वेळेवर उडालं. निरभ्र सकाळ होती. डाव्या खिडकीत एक पर्वत, उजव्या खिडकीत दुसरा, आणि ज्या रस्त्यावर आमचे दोन दिवस गेले तो खाली दोरीएवढा. भासरे उतरल्यावर म्हणाले, "हे तिकीट आधी काढलं हे बरं केलं सूनबाई. इथं उभ्याउभ्या कोणं देलं असतं?" जोमसोमच्या खिडकीवर जागा मागणाऱ्यांची रांग त्यांनी पाहिली होती. काठमांडूतले दिवस जसे लिहिले होते तसे मिळाले. रद्द झालेल्या विमानाचे पैसे काही आठवड्यांनी खात्यात आले. पण जीपचे, तातोपानीच्या खोलीचे पैसे त्याच दिवशी रोख द्यावे लागले होते. तेवढी रक्कम वेगळी बांधून न्यावी. आम्ही नेली होती.

या सगळ्यावरून सगळीकडे असंच करावं असं मात्र मी म्हणणार नाही. पुसदच्या माझ्या नणंदबाई आता व्हिएतनामला निघाल्या आहेत, आणि त्यांना मी याच्या बरोबर उलटं सांगितलं. तो देश लांबट पट्टीसारखा. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने सतराशे किलोमीटरच्या वर, तीस तासांहून जास्त. विमानाने दोन तास, आणि दिवसभर विमानं. तिथे एक चुकलं तर दुसरं मिळतं, म्हणून हातचा दिवस कशाला वाया घालवायचा? तिथे आधी काढण्याचं कारण पैसे. स्वस्त कंपन्यांचं भाडं जवळ आल्यावर चढतं, आणि मोठ्या बॅगेचे पैसे तिकिटाबरोबर भरले तर कमी, विमानतळावर भरले तर जास्त. त्यांच्या नववर्षाच्या, तेतच्या आसपास तर सगळा देश गावी निघालेला असतो. २०२६ मध्ये तो १७ फेब्रुवारीला. दानांगकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस आणि वादळं, तेव्हा तेवढ्यापुरतं सैल ठेवायचं.

ताईंनी येण्याजाण्याचं तिकीट हनोईचंच बघितलं होतं. मी म्हटलं, ताई, हनोईत उतरा आणि परत या हो ची मिन्ह सिटीहून. मग खाली गेल्यावर पुन्हा वर यायचं एक विमान तुमच्या कार्यक्रमातून निघूनच जाईल. ते त्यांना पटलं. बॅगांचे किलो मोजून त्या आता तिकीट काढायला बसल्या आहेत.